सहा मे : एका तारखेचा हजेरीपट



चिटणीसांनी आम्हांला ६ मे ही तारीख दिली आणि विषय कोणता घेणार म्हणून विचारले. आम्ही म्हटले, तारीख दिलीत तोच विषय. त्यांना ती थट्टा वाटली. पण आम्ही ते मनापासून म्हटले होते. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय आहे 'सहा मे'.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, आकाशवाणीच्या सकाळच्या कार्यक्रमात, शाळेच्या दर्शनी फळ्यावर 'दिनविशेष' नावाची एक जागा असते. तिथे एकाच तारखेला जन्मलेले, मेलेले, जिंकलेले आणि जळालेले सगळे एका ओळीत उभे असतात. राजाच्या शेजारी धावपटू, त्याच्या शेजारी कायदा, कायद्याच्या शेजारी अपघात. त्यांचा एकमेकांशी संबंध काय, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर 'काही नाही' हेच आहे. ६ मे या तारखेत कसलीही जादू नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि आपण मोजतो, एवढेच.

मग आम्ही या यादीच्या मागे का लागलो? आमचा जन्म युनियनच्या कामात गेला आणि त्या कामात माणसाला हजेरीपट वाचावयास शिकावे लागते. हजेरीपटावर कोण हजर ते दिसते, कोणाचा खाडा मांडला तेही दिसते. पण कामगार मंडळींना ठाऊक आहे की पटाचा खरा अर्थ तिसऱ्याच गोष्टीत असतो : काम करूनही कोणाचे नाव पटावर चढलेच नाही? दिनविशेष हा इतिहासाचा हजेरीपट आहे. तो आज आपण युनियनच्या डोळ्यांनी तपासून पाहू.

सुरुवात तारखेपासूनच करू, कारण तारीखसुद्धा माणसाने लिहिलेली असते. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या किनाऱ्याला उतरला, असे इतिहास सांगतो. पण ती तारीख जुन्या ज्यूलियन पंचांगाची. पोप ग्रेगरीने १५८२ साली दहा दिवस गाळून पंचांग दुरुस्त केले, तेव्हा आजच्या हिशेबाने झेवियर १६ मेला उतरला म्हणावे लागेल. दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. मोतीलाल नेहरूंचा जन्म आग्र्याला ६ मे १८६१ चा. त्यांचे वडील गंगाधर हे १८५७ पूर्वी दिल्लीचे कोतवाल होते. त्या धामधुमीत कुटुंब आग्र्याला आले आणि मुलगा जन्मण्यापूर्वी काही महिने वडील वारले. जवाहरलालजींनी आपल्या आत्मचरित्रात गमतीने नोंदले आहे की, रवींद्रनाथ ठाकुरांचा जन्मही त्याच वर्षी, त्याच महिन्यात, त्याच दिवशी झाला. परंतु आज आपण रवींद्रनाथांची जन्मतारीख ७ मे धरतो. आणि बंगाली माणूस तर इंग्रजी तारीख बाजूला ठेवून २५ बैशाख पाळतो. इतक्या मोठ्या माणसाच्या बाबतीतही एका रात्रीने तारीख इकडची तिकडे होते.

मोठ्या घरात निदान नोंद असते. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड ६ मे १८५६ रोजी मोरेव्हियातल्या एका लहान गावी जन्मला. बाप लोकरीचा साधा व्यापारी, पण त्याने मुलाच्या जन्माची नोंद घरच्या धर्मग्रंथात स्वतःच्या हाताने करून ठेवली. आपल्याकडे काय होत होते? खेड्यातले पोर शाळेत नेऊन बसविले की गुरुजी विचारीत, जन्म कधीचा? आई म्हणे, मोठा पूर आला त्या साली. नाहीतर म्हणे, सुगीच्या दिवसांत. गुरुजी पोराला हात डोक्यावरून कानाला लावायला सांगत आणि रजिस्टरात '१ जून' ठोकून देत. आज या मांडवात बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी १ जूनला जन्मलेल्यांनी हात वर करावेत. (हशा.) पाहा! पाऊस पडण्याच्या सुमाराला अवघा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्माला आला.

आता आपण हसलो. पण कामगाराला ही तारीख हसण्यावारी नेता येत नाही. त्या १ जूनवर त्याची निवृत्ती ठरते, भविष्यनिर्वाह निधी ठरतो, पेन्शन ठरते. अंगात दोन वर्षे जोर शिल्लक असताना ३१ मेला घरी जाणारे कामगार आम्ही पाहिले आहेत, आणि गुडघे संपल्यावर कागदासाठी आणखी तीन वर्षे यंत्रावर उभे राहिलेलेही पाहिले आहेत. तारीख लिहिणाऱ्याच्या हातात दुसऱ्याचे आयुष्य असते. पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवावी.

आता खेळाच्या मैदानाकडे वळू. सहा मेच्या यादीत खेळातले जे नाव ठळक असते ते रॉजर बॅनिस्टरचे. १९५४ साली या दिवशी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर त्याने एक मैल, म्हणजे सुमारे १,६०९ मीटर, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून दाखविले. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस. त्यापूर्वीचा विक्रम स्वीडनच्या गुंडर हेगचा, ४ मिनिटे १.४ सेकंदांचा, तो १९४५ पासून नऊ वर्षे हलला नव्हता. चार मिनिटांची भिंत माणसाला ओलांडता येणारच नाही, असे म्हणणारे लोकही पुष्कळ होते. बॅनिस्टर त्या वेळी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्या सकाळीही तो रुग्णालयात गेला आणि तेथून आगगाडीने ऑक्सफर्डला आला. दिवसभर वारा होता. धावावे की नाही हे शेवटच्या घटकेपर्यंत ठरत नव्हते.

येथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पण ती शर्यत कशी धावली गेली ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला पुढे होता ख्रिस ब्रॅशर. दोन फेऱ्यांहून अधिक अंतर तो पुढे राहून वेग धरून देत होता; अर्धा मैल १ मिनिट ५८ सेकंदांत झाला तो त्याच्या मागे. तो दमल्यावर ख्रिस चॅटवे पुढे आला आणि त्याने शेवटच्या फेरीच्या मध्यापर्यंत नेले. वारा त्या दोघांनी अंगावर घेतला आणि बॅनिस्टर त्यांच्या आडोशाने धावला. मग अखेरची दोनअडीचशे यार्ड तो एकटा सुटला आणि रेषेपलीकडे कोसळला. त्याच्या कर्तृत्वात यामुळे तसूभरही उणेपणा येत नाही. शेवटची धाव दुसऱ्या कोणी त्याच्यासाठी धावलेली नाही. पण दिनविशेषात एकच नाव येते. बॅनिस्टरने मात्र त्या दोघांचे श्रेय कधी लपविले नाही. पुढे ब्रॅशरने १९५६ साली मेलबर्नला अडथळ्यांच्या शर्यतीत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, आणि चॅटवेने १९५४ च्याच ऑक्टोबरात पाच हजार मीटरचा जागतिक विक्रम केला. आज मी तुझ्यासाठी वारा अंगावर घेतो, उद्या माझी पाळी येईल, असा हा व्यवहार होता. आम्ही याला संघटना म्हणतो.

आणखी एक गंमत. जी भिंत नऊ वर्षे उभी होती ती पडल्यावर अवघ्या ४६ दिवसांनी, २१ जून १९५४ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने फिनलंडमधील तुर्कू येथे तोच मैल ३ मिनिटे ५८ सेकंदांत धावून काढला. भिंत पायांत किती आणि डोक्यात किती होती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ज्या खात्यात कोणी कधी तोंड उघडले नाही, त्या खात्यात पहिला माणूस उभा राहिला की महिन्याभरात दहा उभे राहतात. हे आम्ही गेटसभांतून अनेकदा पाहिले आहे.

वेग धरून देणाऱ्यांची ही गोष्ट मैदानापुरती नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती तारीख १० जून १८९०. त्या दिवशी गिरणीमालकांच्या संघाने ती मान्य केली, म्हणून ती तारीख झाली. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला तो १८८४ सालच्या सप्टेंबरात. मधली जवळजवळ सहा वर्षे कोणत्या तारखेत मांडावयाची? २४ एप्रिल १८९० च्या प्रचंड सभेत, सुमारे दहा हजार कामगारांपुढे, दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. त्यांचा दिनविशेष कोणी पाळतो काय? पुस्तकात तारीख राहते ती देणाऱ्याची. मागणाऱ्याचे दिवस मोजलेच जात नाहीत.

सहा मे म्हटल्यावर महाराष्ट्राला पहिली आठवण झाली पाहिजे ती राजर्षी शाहू छत्रपतींची. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. पुण्यतिथीला हार घातले जातात, पण महाराजांची खरी तारीख मृत्यूची नाही. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आणि नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत, मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. आम्ही जे थोडेफार शिकलो ते नोकरी सांभाळून, रात्री, दुसऱ्याची पुस्तके मागून आणून. म्हणून त्या एका रुपयाच्या दंडाची किंमत आम्हांला पदवीधरांपेक्षा अंमळ जास्त कळते असे म्हटले तर रागावू नये. राजाने गरिबाला दंड करावा आणि गरिबाच्या नातवाने त्या दंडाबद्दल राजाचा फोटो घरात लावावा, असे इतिहासात फार वेळा घडलेले नाही.

महाराजांच्या नावाशी कुस्तीही जोडलेली आहे. कोल्हापूरचे खासबाग मैदान त्यांनी बांधविले आणि तालमींना आश्रय दिला. महाराज गेल्यानंतर तीस वर्षांनी, २३ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा गावोगाव वर्गणी झाली आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले. म्हणजे येथेही ब्रॅशर आणि चॅटवे होते. ते धोतर नेसून होते आणि त्यांच्या हातात पावतीपुस्तक होते, इतकाच फरक.

आता यादीतल्या आगीकडे येऊ. ६ मे १९३७. 'हिंडेनबर्ग' नावाचे प्रचंड जर्मन विमानपोत अटलांटिक ओलांडून अमेरिकेत न्यू जर्सीतील लेकहर्स्ट येथे उतरत होते. पोटात हायड्रोजन वायू. उतरता उतरता त्याने पेट घेतला आणि अर्ध्याएक मिनिटात सगळे संपले. मृतांची संख्या ३६ अशी यादीत असते. या ३६ ची फोड कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो : १३ उतारू, २२ नोकर-खलाशी, आणि जमिनीवर एक. पोत उतरविण्यासाठी खालून दोर धरणारी माणसे लागत. त्यांतला एक, अ‍ॅलन हॅगमन, जळत्या सांगाड्याखाली सापडला. तो पोतात बसलेला नव्हता. तिकीट काढण्याची त्याची ऐपत होती की नव्हती तेही आपल्याला ठाऊक नाही. ३६ पैकी २३ माणसे कामावर होती, आणि हा अपघात आपण 'उतारूंचा अपघात' म्हणून ऐकत आलो आहोत.

याच्या उलट एक नोंद पाहा. ६ मे १९९४ रोजी इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणाऱ्या, समुद्राखालून जाणाऱ्या बोगद्याचे उद्घाटन एलिझाबेथ राणी आणि राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी केले. सुमारे ५० किलोमीटर लांबीचा बोगदा. त्यातले ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली. बांधकामात १० कामगार मेले. उद्घाटनाच्या दिवशी राणी आणि राष्ट्राध्यक्ष यांचीच छायाचित्रे छापली जाणार, यात नवल नाही. पण दोन्ही बाजू खरोखर भिडल्या त्या १ डिसेंबर १९९० रोजी. त्या दिवशी इंग्रज कामगार ग्रॅहम फॅग आणि फ्रेंच कामगार फिलिप कोझेत यांनी मधला खडक फोडून भोकातून एकमेकांशी हात मिळविले. ही दोन नावे जगाला कळली, कारण या वेळी कोणीतरी मुद्दाम ती लिहून ठेवली. ठरविले तर लिहिता येतात, हे सिद्ध झाले. मग जुन्या काळी का लिहिली गेली नाहीत, हा प्रश्न अधिकच बोचतो. १८८९ सालचे पॅरिसचे जागतिक प्रदर्शन ६ मे रोजीच उघडले आणि आयफेलचा मनोरा त्याचे मुख्य आकर्षण होते. त्या मनोऱ्यावर ७२ शास्त्रज्ञांची व इंजिनियरांची नावे कोरलेली आहेत. लोखंड सांधणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तिथे नाही. त्याच प्रदर्शनाच्या हंगामात, जुलैमध्ये, पॅरिसमध्ये जगभरचे कामगार प्रतिनिधी जमले, आणि पुढच्या वर्षी १ मे रोजी सर्वत्र आठ तासांच्या मागणीसाठी निदर्शने करण्याचे त्यांनी ठरविले. मनोऱ्यावर ज्यांची नावे कोरली गेली नाहीत त्यांनी कॅलेंडरात एक दिवस कोरला.

श्रोतेहो, येथवर आम्ही जे सांगितले ते ऐकावयास गोड होते. कामगार मोठा, त्याचे नाव गाळले गेले, आणि आपण ते परत लिहावे. टाळ्याही मिळाल्या. पण हजेरीपट वाचणाऱ्याने आपल्या सोयीची पाने वाचून पट मिटू नये. सहा मेच्या पानावर एक ओळ अशी आहे की तिच्यापुढे कामगार चळवळीने मान खाली घालावी.

६ मे १८८२. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली. बंदी प्रथम दहा वर्षांची, मग १८९२ साली आणखी दहा वर्षांची, मग १९०२ पासून बेमुदत. ती उठली १७ डिसेंबर १९४३ रोजी, महायुद्धात चीन मित्रराष्ट्र झाल्यावर. आणि तेव्हाही वर्षाला १०५ चिन्यांना परवानगी! ज्या माणसांविरुद्ध हा कायदा झाला त्यांनी अमेरिकेसाठी काय केले होते? पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या पहिल्या लोहमार्गाचा पश्चिमेकडचा भाग, सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून, बर्फात, सुरुंगांच्या धुरात, मुख्यतः चिनी मजुरांनी घातला. तो १० मे १८६९ रोजी पुरा झाला.

आता प्रश्न असा की हा कायदा मागितला कोणी? भांडवलदारांनी नव्हे, त्यांना स्वस्त मजूर हवाच होता. मागणी करण्यात आघाडीवर होते कॅलिफोर्नियातले गोरे कामगार. त्यांचा पुढारी डेनिस कर्नी आपली सभा 'चिनी गेलेच पाहिजेत' या आरोळीने संपवी. आणि तो स्वतः आयर्लंडहून आलेला. पुढे अमेरिकन कामगार महासंघाचा अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स यानेही ही बंदी चालू राहावी म्हणून जोर लावला; तो लंडनमध्ये जन्मलेला, विड्या-सिगार वळणाऱ्या यहुदी घरातला. पोटासाठी समुद्र ओलांडून आलेल्यांनी पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्यांना दार लावले.

त्यांचा युक्तिवाद काय होता? चिनी कमी मजुरीवर काम करतो, तो लढत नाही, त्याच्यामुळे आमची मजुरी पडते. हा युक्तिवाद खोटा होता, हे दाखविणारी तारीख आहे. जून १८६७ मध्ये त्याच लोहमार्गावरच्या हजारो चिनी मजुरांनी गोऱ्यांइतकी मजुरी आणि कमी तास मागून संप केला. कंपनीच्या कारभाऱ्याने त्यांचा दाणागोटा बंद केला आणि आठवड्याभरात संप मोडला. त्या वेळी गोरे मजूर त्यांच्या बाजूला उभे राहिले नाहीत. पंधरा वर्षांनी तेच म्हणाले, हे लोक लढत नाहीत.

ही गोष्ट परक्या देशाची आहे, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. पण ती आज या मांडवात का सांगावी लागते, ते आता ऐका. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे अशी तरतूद झाली होती की, बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या माणसाची एक वर्षाची सलग नोकरी झाली असे धरावे, आणि मग त्याला नोटीस व भरपाई दिल्यावाचून कमी करता येऊ नये. एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही, कंत्राटी माणसाला दोनशे तिसाव्या दिवसाच्या आसपास घरी पाठवीत. पंधरवड्याने तोच माणूस, त्याच यंत्रावर, दुसऱ्या कंत्राटदाराच्या पटावर नवा म्हणून चढे. आठआठ वर्षे असे काम केलेला माणूस कागदोपत्री नेहमी नवखाच. हे मालकाने केले, त्याचे नवल नाही. पण त्याच कारखान्यातले कायम कामगार गेटसभेत आम्हांला म्हणाले, "साहेब, आधी या परप्रांतीयांना बाहेर काढा, यांच्यामुळे आमचा करार अडतो." हे म्हणणारे कोण? कोणी सातारचा, कोणी रत्नागिरीचा, कोणी बीडचा. त्यांचे आजे मुंबईला बोटीतून, आगगाडीतून वळकटी घेऊन आले होते, आणि त्या वेळी त्यांनाही कोणीतरी उपरे म्हटले होते.

त्या सभेत आम्ही त्यांना १८८२ सालचा सहा मे सांगितला. सगळ्यांना पटला असे नाही. काही उठून गेले. पण एक वयस्क फिटर मागे थांबला आणि त्याने एवढेच विचारले, "चिन्यांना बाहेर काढल्यावर गोऱ्यांची मजुरी वाढली का?" हाच प्रश्न आहे. बंदीनंतर कारखानदारांनी दुसरे स्वस्त मजूर शोधले, दुसऱ्या देशांतून आणले, आणि गोऱ्या कामगाराला आठ तासांसाठी पुढे कितीतरी वर्षे रक्त सांडावे लागले. १९०५ साली शिकागोत जगातल्या औद्योगिक कामगारांची म्हणून जी संघटना निघाली, तिने मात्र चिनी-जपान्यांसह सर्वांना सभासदत्व खुले ठेवले. म्हणजे शहाणपण त्या काळातही उपलब्ध होते. ते घेणारे थोडे निघाले.

याच पानावर एक दुसरी ओळ आहे. ती पहिलीच्या बरोबर पंचवीस वर्षे आधीची. ६ मे १८५७ रोजी बराकपूरला इंग्रजांनी ३४ व्या पलटणीच्या तुकड्यांची हत्यारे काढून घेतली, गणवेश उतरविले आणि पलटण बरखास्त केली. गुन्हा काय? २९ मार्चला मंगल पांडे उठला तेव्हा पहाऱ्यावरच्या शिपायांनी त्याला धरण्यास नकार दिला. पांड्याला आणि पहाऱ्यावरच्या जमादाराला एप्रिलमध्ये फाशी झाली होती. आता बाकीच्यांची सरसकट बडतर्फी. यांतल्या बहुतेकांनी गोळी झाडली नव्हती. त्यांनी फक्त आपल्या माणसाच्या अंगावर हात टाकला नाही. पोटावर पाय आला, तो त्यांनी सोसला. चारच दिवसांनी, १० मेला, मीरत उठले. १८५७ आणि १८८२, हे दोन सहा मे शेजारी ठेवून पाहावेत. एकात शेजाऱ्याला धरण्याचे नाकारून माणसांनी नोकरी गमावली, दुसऱ्यात नोकरी राखण्यासाठी माणसांनी शेजाऱ्याला हाकलले. आपण कोणत्या पटावर नाव घालावयाचे ते आपले आपण ठरवावे.

शेवटची नोंद पुण्याची. ६ मे १९४४ रोजी सकाळी पुण्याच्या आगाखान महालातून गांधीजींची सुटका झाली. ९ ऑगस्ट १९४२ पासून ते स्थानबद्ध होते. आजारपणामुळे सरकारने त्यांना सोडले. तो त्यांच्या आयुष्यातला अखेरचा तुरुंगवास. यादीत 'गांधीजींची सुटका' एवढेच असते. पण त्या महालात त्यांच्याबरोबर गेलेली दोन माणसे बाहेर आली नाहीत. महादेवभाई देसाई आत गेल्यावर सहाच दिवसांत, १५ ऑगस्ट १९४२ रोजी वारले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी गेल्या. दोघांच्या समाध्या तिथेच आवारात आहेत. महादेवभाईंनी पंचवीस वर्षे गांधीजींची रोजनिशी लिहिली. रोजच्या रोज, तारीखवार. दुसऱ्याच्या आयुष्याच्या तारखा ज्याने जपल्या, त्याला स्वतःच्या सुटकेची तारीख मिळाली नाही. त्याच दिवशी त्या वेळच्या अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद अटकेतच होते, आणि देशभरच्या तुरुंगांत हजारो अनाम माणसे. 'सुटका' या शब्दाने भुलून जाऊ नये. पटावर एकाची सुटका लिहिली म्हणजे सगळे सुटले असे होत नाही.

असो. वेळ संपत आला, आता एका विनंतीने आटोपते घेतो. आमच्या युनियनच्या कचेरीत आम्ही एक साधी वही ठेवली आहे. ३६६ पाने, तारखेला एक पान. मोठ्या माणसांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या तिच्यात घालत नाही, त्यांची सोय वर्तमानपत्रे करतात. तिच्यात आम्ही लिहितो : अमुक तारखेला अमुक खात्यात पाण्याचा नळ मिळाला, तो मिळावा म्हणून अमुक अमुक तिघे सात महिने खेटे घालीत होते. अमुक तारखेला प्रेसवर अमुक बाईची दोन बोटे गेली. अमुक तारखेला कंत्राटी माणसांची पहिली सभा झाली आणि कायम कामगारांपैकी पाच जण तिला आले. त्या पाचांची नावे.

६ मेच्या पानावर आम्ही शाहू महाराजांच्या खाली १८८२ ची ओळ लाल शाईने लिहून ठेवली आहे. नवा कार्यकर्ता आला की त्याला ते पान आधी वाचावयास देतो. आपल्या गावात, गिरणीत, बँकेत, सोसायटीत, शाळेत अशी एक वही कोणी सुरू केली, तर आजची ही तारीख फुकट गेली नाही असे आम्ही समजू. वहीला खर्च फार नाही. लिहिणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळावे : ज्याने फीत कापली त्याचे नाव शेवटी घालावे, आणि आधी चौकशी करावी की दोर कोणी धरला होता.